प्रत्येक वेळी नवी उचकी

पाटीवर मामांचं खरं नाव होतं, पण पाटी वाचतो कोण? साऱ्या वस्तीला ते अलगदमामा. गालावरून वस्तरा फिरून गेला तरी गिऱ्हाईक मिटल्या डोळ्यांनी विचारायचं, "मामा, सुरुवात कधी करताय?" मामा खांद्यावरचा टॉवेल झटकून म्हणायचे, "उठा आता. मागे लोक बसलेत."

दुकान केवढं, तर हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील. एक खुर्ची, एक बाकडं, आणि कोपऱ्यात पारा उडालेला आरसा. मागच्या गल्लीत नाट्यगृह होतं त्या काळात नटमंडळी तोंडाला रंग लागण्याआधी मामांच्या खुर्चीत येऊन बसत. मामांनी साफ केलेल्या ओठावर मिशीचा डिंक असा धरायचा की तलवारबाजी होवो की रडारड, मिशी हलायची नाही. पुढे नाट्यगृह गेलं, तिथं सिमेंटचं गोदाम आलं. नट पांगले, काही वारले. मामांचा हात तेवढा तसाच राहिला.

दुकानाचे टॉवेल मात्र मामींच्या वाट्याचे. पातेल्यात उकळायचे, गॅलरीच्या दोरीवर वाळवायचे, इस्त्री मारून, घडी करून दुपारी आणि संध्याकाळी दुकानात पोचवायचे. दुकानात त्या कधी बसल्या नाहीत. दारातूनच गठ्ठा द्यायचा, ओला गठ्ठा घ्यायचा, की परत. पण इमारतीत त्यांचीही एक ख्याती होती. कुणालाही उचकी लागली की दार वाजायचं ते मामींचं.

"आधी बस. नाक दाब. हे गार पाणी, एक-एक घोट, मधे थांबायचं नाही." एवढ्यानं नाही भागलं तर श्वास रोखून धरायला लावायच्या. तरी नाही, तर चमचाभर साखर जिभेवर, हळूहळू विरघळवायची. तरीही नाही, तर गुडघे छातीशी घेऊन पुढे वाकून बसायचं. इथवर पाळी क्वचितच यायची. कुणी मागून पाठीत धपाटा घालू लागला की मामी त्याच्यावरच उखडायच्या, "उचकी लागलीय, चोर नाही पकडलाय!"

लोक म्हणत, मामींच्या हाताला गुण आहे. मामींनाही ते खरं वाटू लागलं होतं, आणि त्यात त्यांचा काय दोष? उचकी ही अशी पाहुणी, की तिला कुणी हाकललं नाही तरी ती आपल्या पायांनी जाते. पण जाताना दारात जो उभा असेल त्याला श्रेय देऊन जाते. इतकी वर्षं दारात मामी उभ्या होत्या.

एका सकाळी चहा घेताना उचकी लागली ती मामांना.

"घ्या, आज घरचंच गिऱ्हाईक!" म्हणत मामी पाणी घेऊन आल्या. सात-आठ घोटांत उचकी बंद. मामांनी चपला घातल्या, मामींनी पातेलं चढवलं. दुपारी टॉवेल घेऊन गेल्या तर बाकड्यावर हशा चाललेला आणि मामा खुर्चीमागे उभे राहून उचक्या देताहेत.

"मामी, तुम्ही तर इथंच आहात," टेलरमास्तर म्हणाले, "मग मामांची एवढी आठवण काढतंय कोण?"

हे टेलरमास्तर म्हणजे मामींचे भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी. दुपारचं जेवण झालं की घरचं शिलाईयंत्र सोडून मामांच्या बाकड्यावर येऊन बसायचे, आणि जिभेची कात्री चालवायचे.

"तुमचीच उधारी आठवत असेल त्यांना," मामी म्हणाल्या. त्यांनी साखर मागवली, मामांना दारात बोलावून त्यांच्या जिभेवर ठेवली. उचकी थांबली. बाकड्यावरून वाहवा झाली.

संध्याकाळी पुन्हा लागली. पुन्हा थांबली. दुसऱ्या दिवशी पुन्हा.

इथं मामींचा हिशेब चुकला. तो असा चुकला, की ज्याच्या हाताला गुण आहे त्याचाच चुकावा. त्यांच्या लेखी थांबलेली उचकी म्हणजे संपलेली उचकी. नंतर आली ती दुसरी, नवी, आत्ताच लागलेली. नव्या उचकीला पुन्हा पहिल्यापासून पाणी, पुन्हा श्वास, पुन्हा साखर. अशानं उचकी कधी जुनी होतच नव्हती. आठवडा उलटत आला तरी मामींच्या घरात ती रोज सकाळी जन्माला येत होती.

परगावाहून लेकीचा फोन आला. पलीकडून तिला उचकी ऐकू गेली.

"आई, बाबांना काय झालंय?"

"काही नाही गं, उचकी लागलीय."

"परवाच्या फोनवेळीही लागली होती ना?"

"ती गेली परवाच. ही आत्ता लागली."

"डॉक्टरांना दाखव ना एकदा."

"उचकीसाठी डॉक्टर?" मामी हसल्या. "तो हसेल, कंपाउंडर हसेल, आणि इमारतीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही मला. उद्या म्हणशील, जांभई आली, अ‍ॅम्ब्युलन्स बोलाव."

लेकही हसली. हसण्यावारी गेलं.

आणि दुकानात? दुकानात तर खेळ रंगला होता. एक उचकी आणि पुढची उचकी यांच्यामध्ये किती अवसर मिळतो ते मामांच्या हातानं हेरलं होतं. उचकी यायच्या आधी ते वस्तरा उचलून घेत, छाती हिसका देई, आणि ती शांत झाली की वस्तरा गालावर उतरे. दोन ओढी. पुन्हा उचल. पुन्हा दोन ओढी. मान असो की हनुवटीखालची नाजूक जागा, ओरखडा म्हणून नाही. तुरटीचा खडा कोरडाच.

"आली... आली... गेली! चालवा!" बाकड्यावरून टेलरमास्तर पुकारा करत. ज्यांची दाढी कालच झाली होती तेही बघायला येऊन उभे राहत. कापडवाले शेठ तर मान मागे टाकून म्हणाले, "ह्या उचकीत माझी दाढी करून दाखवा, मामा, माझ्या गळ्यावर माझा भरवसा नाही, पण तुमच्या हातावर आहे." दाढी झाली. टाळ्या पडल्या.

टाळी ही फार मोहाची चीज. ज्याच्यावर ती पडते त्याचं अंग ती हलकं करून टाकते, मग आतून काय खचतंय ते त्याला कळत नाही. मामा आयुष्यभर इतरांचे चेहरे उजळत आले. त्यांच्याकडे बघायला म्हणून लोक प्रथमच जमले होते. मामा उभेच राहिले. पाय भरून आले की गुडघेदुखीची गोळी घ्यायचे. ती गोळी काही नवी नव्हती. जन्म उभ्यानं गेलेला. चहाबरोबर बिस्किट घ्यावं तशी वर्षानुवर्षं सकाळ-संध्याकाळ चालूच होती. कुणी लिहून दिली नव्हती. औषधाच्या दुकानात नुसतं "नेहमीची" म्हटलं की मिळायची. त्या आठवड्यात दुपारचीही एक वाढली. आणि ती गिळायला पाण्याचा पेला देत होत्या मामीच. उचकीच्या पाण्यात गोळीचं पाणीही भागत होतं.

मामींना काहीच दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं, पण एकेक, सुटं सुटं. मामा अर्ध्या भाकरीवरून उठू लागले. म्हणत, तोंडाला पितळ चाटल्यासारखं लागतंय. मामींना वाटलं, उचकीत गिळवत नसेल. चपलेचा पट्टा काढला की पावलावर खोल वळ राही. वाटलं, चप्पल आकसली असेल. एकदा सकाळी उलटी झाली. वाटलं, साखर फार झाली. रोज पहाटे लघवीला उठणारा माणूस उठेनासा झाला, तेव्हा तर मामींना बरंच वाटलं. चला, निदान झोप तरी सलग लागतेय. झोपेतही छाती हिसके देत होती. त्या हात ठेवून बसत. हाताखाली उचकी थांबली की म्हणत, "गेली बाई."

त्या दिवशी दुपारी मामी टॉवेलचा गठ्ठा घेऊन गेल्या तेव्हा खुर्चीत कापडवाले शेठ होते. शेठच्या दोन्ही गालांवर फेस. मामांनी उजव्या गालावर वस्तरा चालवला, गाल लख्ख झाला. वस्तरा पुसला. ब्रश पाण्यात बुडवला, आणि त्याच उजव्या गालाला पुन्हा फेस लावला. पुन्हा वस्तरा. पुन्हा ब्रश. पुन्हा तोच गाल. डाव्या गालावरचा फेस वाळून पापुद्रे धरू लागला होता.

"मामा," टेलरमास्तर म्हणाले, "दुसरा गाल काय रुसून सासरी गेलाय?"

बाकडं खदखदलं. शेठही हसले. त्यांना वाटलं, खेळात मामांनी नवा प्रवेश घातलाय. मामाही हसले. त्यांना उचकी आली. मग त्यांनी दाराकडे पाहिलं, मामींकडे, आणि अगदी अदबीनं म्हणाले, "या ताई, बसा. तुमच्या मुलाचा नंबर यांच्यानंतर."

हसू लगेच विझलं नाही. आधी एकाचं थांबलं, मग दुसऱ्याचं, आणि शेवटी एकटे टेलरमास्तर हसत राहिले. मग त्यांनाही ऐकू आलं की आपण एकटेच हसतोय.

मामींनी गठ्ठा खाली टाकला. इतक्या वर्षांत प्रथमच त्या उंबरा ओलांडून आत गेल्या. मामांच्या मुठीतून वस्तरा सोडवून घेतला. मूठ थरथरत होती, अंगाला कसलासा उग्र वास येत होता.

"मास्तर, रिक्षा बघा."

"अहो मामी, जरा साखर..."

"रिक्षा बघा म्हणते ना!"

हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, चेहऱ्यावर दोन माणसांचा थकवा. त्यांनी मामांच्या पायावर बोट दाबलं. बोट काढलं तरी खळगा तसाच राहिला.

"उचकी कधीपासून आहे, काकू?"

"आत्ता दुकानात लागली. सकाळची थांबली होती."

"सकाळी होती?"

"ती वेगळी. ती पाण्यानं गेली."

"आणि काल?"

"कालची साखरेनं गेली."

डॉक्टरीणबाईंनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. "मधे किती वेळ थांबायची?"

"कधी तासभर. कधी जेवण होईपर्यंत."

"परवा होती? तेरवा?"

मामी मागे मागे जात राहिल्या, एकेक दिवस सोलत, आणि त्या सकाळच्या चहापाशी येऊन थांबल्या. तेव्हा कुठे त्यांना कळलं की आपण उचक्या मोजत होतो, आणि उचकी एकच होती.

रक्त तपासलं. दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ बंद पडली होती. जे लघवीवाटे जायचं ते रक्तात साठत गेलं होतं. तेच जिभेला पितळ लावत होतं, पाय फुगवत होतं, छातीला हिसके देत होतं, आणि आता डोक्यात चढून बायकोला ताई म्हणायला लावत होतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात कुठल्या गोळ्या चालू आहेत? मामींनी पदराच्या गाठीतून पाकीट काढून दिलं. दुपारची गोळी द्यायची राहिली होती, म्हणून बरोबर आणलं होतं. डॉक्टरीणबाईंनी ते पालटून पाहिलं आणि परत दिलं नाही.

मामांना रक्त शुद्ध करणाऱ्या यंत्रावर, डायलिसिसवर घेतलं. बाहेर व्हरांड्यात टेलरमास्तर भिंतीकडे तोंड करून उभे होते.

"माझं चुकलं का?" मामींनी विचारलं. "मी साखर दिली. पाणी दिलं."

"साखर चुकीची नव्हती, काकू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या त्यांच्याशेजारी बाकावर बसल्या. बहुतेक दिवसभरात प्रथमच बसल्या असाव्यात. "घाईघाईनं जेवलं, गार-गरम झालं, हसणं फार झालं, की लागते उचकी. पाण्यानं, साखरेनं, नाहीतर आपली आपण जाते. शंभरातल्या नव्याण्णवांना घरीच ठेवा. पण दोन दिवसांच्या वर गेली, मग ती मधे थांबून थांबून येत असली तरी, तर दाखवायचं. जेवू देत नाही, झोपू देत नाही, उलट्या होतात, तरी दाखवायचं. आणि छातीत दुखतंय, बोलणं अडखळतंय, हातापायात जोर नाही, माणूस भ्रमल्यासारखं करतोय, तर दोन दिवसही थांबायचं नाही, तसंच उचलून आणायचं. साखरेनं उचकी थांबते. मूत्रपिंड सुरू होत नाही."

"आठ दिवस आधी आणलं असतं तर?"

खोटं बोलणं सोपं होतं. डॉक्टरीणबाईंनी थोडा विचार केला. "रोजच्या या गोळ्यांनी मूत्रपिंडं आधीपासून झिजत आली होती. यंत्र टळलं असतं की नाही, मला सांगता येणार नाही. पण गोळी आठ दिवस आधी बंद झाली असती."

मामींनी मान हलवली. यापेक्षा कमी काही त्यांना नको होतं, जास्त त्यांना पेलवलं नसतं.

यंत्राच्या काही पाळ्यांनंतर मामा शुद्धीवर आले. बारीक झाले होते, पण डोळ्यांत मूळचा माणूस परत आला होता. उचकी गेली होती, ती पुन्हा आली नाही.

"मी तुला ताई म्हणालो म्हणे?"

"म्हणालात."

"राग आला?"

"कशाला? 'या, बसा' म्हणालात. एवढ्या वर्षांत दुकानात बसा म्हणाला होतात कधी?"

मामा हसले. हसताना त्यांना धाप लागली. मामींनी त्यांच्या पाठीखाली उशी सरकवली. "मीच म्हणत राहिले हो, नवीन आहे, नवीन आहे. लेक सांगत होती."

"गोळ्या मी गिळल्या," मामा म्हणाले. "टाळ्या मी घेतल्या. आणि दोष सगळा तू नेणार? हे बरं आहे! अगं, वाटणी तरी नीट कर."

मामींनी वाटणी करायचा प्रयत्न केला. ती काही जमली नाही.

मामा आठवड्यातून तीनदा यंत्रावर जात. दुकान बंद झालं, मग दुसऱ्याला दिलं. मामांच्या हाताला कंप राहिला. पाण्याचा पेलाही दोन्ही हातांनी धरावा लागे. पाणीसुद्धा मोजून. ज्या घरात उचकीच्या नावानं पेल्यामागून पेले भरले गेले, तिथं मामी आता त्यांना अर्धी वाटी पाणी देऊन उरलेलं झाकून ठेवत. तहानेनं मामांची जीभ टाळूला चिकटे, ते मागत, आणि मामी नाही म्हणत. थंडी सरता सरता एका सकाळी, यंत्रावर जायला निघण्यापूर्वी, सदऱ्याची गुंडी लावताना मामांचं हृदय थांबलं. मामी स्वयंपाकघरात होत्या. गुंडी अर्धी काजात गेलेली होती.

त्यानंतर उचकी लागलेलं कुणी मामींच्या दारी आलं नाही. लोकांना संकोच वाटे. एक-दोघी चुकून आल्या, तर मामींनी आतून सांगितलं, "मला त्यातलं काही कळत नाही." टॉवेल उकळायचं पातेलंही त्यांनी पालथं घालून ठेवलं होतं.

पुढे बऱ्याच महिन्यांनी एका संध्याकाळी दार वाजलं ते थांबेचना. उघडलं तर टेलरमास्तर. गळ्यात टेप तशीच, चेहरा कागदासारखा.

"मामी," ते म्हणाले, आणि त्यांना उचकी आली. ते दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. "मामी, मलापण तेच का हो?"

"कधी लागली?"

"आत्ता. जेवलो आणि..."

"काल होती?"

"नाही."

"परवा? त्याआधी? आठवून सांगा. थांबून पुन्हा लागलेलीसुद्धा धरायची."

"नाही हो, आईशप्पथ. आत्ताच. मटार फार झाला आणि घाईत खाल्ला."

"लघवी होते नीट? पाय दाखवा."

टेलरमास्तरांनी दारातच विजार वर केली. मामींनी वाकून नडगीवर बोट दाबलं, उचललं, आणि खळगा पडतो का ते बघत राहिल्या. पडला नाही. त्यांनी दुसऱ्या पायावरही दाबून पाहिलं.

"छातीत दुखतंय? बोबडी वळतेय?"

"भीतीनं वळतेय तेवढीच."

मामींना हसू आलं. मामा गेल्यापासून हे पहिलं, आणि ते आल्याचं त्यांनाच नवल वाटलं. त्यांनी माठातून पाणी आणलं. "बसा. नाक दाबा. एक-एक घोट." टेलरमास्तर शहाण्या मुलासारखे प्यायले. उचकी थांबली. ते उठले, हात जोडले, काही बोलायला तोंड उघडलं. दुकानातल्या त्या पुकाऱ्याबद्दल असावं. मग गळ्यातली टेप सावरत आपल्या दाराकडे वळले.

"मास्तर," मामींनी मागून हाक मारली, "पुन्हा लागली तर ती हीच धरायची. नवीन नाही. परवा संध्याकाळपर्यंत येत-जात राहिली, तर तुम्ही नाही म्हणालात तरी मी तुम्हाला घेऊन जाणार. लोक हसले तर हसू देत."

दार लावून मामी भिंतीला टेकून खाली बसल्या. पलीकडे शिलाईयंत्राची धडधड सुरू झाली. मामींनी कान भिंतीला लावला. यंत्र चाले, थांबे. थांबलं की त्या श्वास रोखून ऐकत. मास्तर खाकरले. बायकोला काहीतरी म्हणाले, ती हसली. यंत्र पुन्हा चालू झालं. उचकी नव्हती. अर्धा तास झाला असेल, एकही उचकी नव्हती. गेली होती, जशी शंभरातल्या नव्याण्णवांची जाते. हे मामींना नीट कळत होतं. तरी त्यांना उठवेना. आतल्या खोलीत अंधार भरत आला, दिवा लावायचा राहिला, आणि त्या भिंतीला कान लावून बसून राहिल्या, थांबलेली उचकी ऐकत.